ग्रामपंचायतीचा ई-मेल कोणाचा?

 

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथल्या कर्मचाऱ्यांनी ई-मेल, इंटरनेट, व्हॉट्सॲप कसं वापरायचं याचे नियम. तुम्ही म्हणाल, नियम त्यांना आहेत, आम्हाला काय त्याचं? पण आमच्या बैठकांत येणारी गाऱ्हाणी आम्ही एकदा मांडून पाहिली, तर बरीचशी इथंच येऊन थांबतात. "अर्ज मेलवर पाठवला होता, तो आता सापडत नाही म्हणतात." "आधीचे साहेब बदलून गेले, मेल त्यांच्याच मोबाइलवर होता." "माझ्या आधार कार्डाचा फोटो गावाच्या ग्रुपवर कोणी टाकला?" "सरपंच मी आहे, पण पैसे कधी निघाले ते मला शेजारणीकडून कळलं." आणि आपल्या सगळ्यांना पाठ झालेलं वाक्य, "नेट नई शे माय, सकाय येजो."

म्हणून हे नियम आपण माहीत करून घेऊ. ते कर्मचाऱ्यांसाठी लिहिले असले तरी उपयोगी आपल्याला पडतात.

आधी बदल काय झाला ते बघू. ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे नमुना 1 ते 33. घरांची नोंद, पाणीपट्टी, रोकडवही, जमा-खर्च, सगळं त्यात. हे दप्तर लोखंडी कपाटात असायचं. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते गावाला माहीत असायचं. साहेबांची बदली झाली की चार्ज देताना वही मोजून, यादी करून, सही घेऊन दप्तर पुढच्याच्या हातात जायचं. 2011 साली राज्यात 'संग्राम' नावाचा प्रकल्प आला आणि ग्रामपंचायतीत संगणक बसला. 2016 पासून त्याच्या जागी 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं, केंद्रचालक आला. 24 एप्रिल 2020 ला केंद्राचं 'ई-ग्रामस्वराज' सुरू झालं आणि गावाचा आराखडा, खर्च, रक्कम देणं हे सगळं त्यावर गेलं. कपाट अजून आहे. पण गावाचा खरा कारभार आता दोन-चार पासवर्डच्या आत असतो. आणि या पासवर्डची यादी चार्ज देताना होते का? आम्ही विचारलं, तर बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. माहितीचा अधिकार कायदा 2005 सालचा. त्यात 'माहिती' कशाला म्हणायचं याची यादी दिली आहे. अभिलेख, दस्तऐवज, परिपत्रक, आदेश, रोजवही आणि त्याच यादीत स्पष्ट शब्दांत ई-मेल. म्हणजे पंचायत समितीतून ग्रामपंचायतीला आलेला मेल हा कागदासारखाच कागद आहे. ग्रामपंचायतीने पाठवलेला मेलही तसाच. तो मागता येतो, त्याची प्रत मिळते. त्याच्या आधीचा, 2000 सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा तर सांगतोच की संगणकावरची नोंद कायद्याने नोंदच आहे, कागदावर नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. शिवाय आपल्या राज्यात 2005 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. सरकारी अभिलेख नियम सोडून नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो स्थानिक संस्थांनाही लागू आहे. "मेल डिलीट झाला हो ताई," असं कोणी सहज म्हणालं, तर त्या सहज बोलण्यामागे एवढं मोठं प्रकरण असू शकतं.

पण मेल नेमका कोणाच्या नावाचा, इथं अडचण येते. आपल्याकडे कित्येक ग्रामपंचायतींचे ई-मेल पत्ते जीमेलवर आहेत. ते कोणी तरी, कधी तरी, घाईत काढले. परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर लागतो तो त्या वेळच्या ग्रामसेवकाचा किंवा ऑपरेटरचा. माणूस गेला की नंबर गेला आणि नंबराबरोबर गावाचा पत्रव्यवहार गेला.

ही अडचण आपल्या गावापुरती नाही, दिल्लीपर्यंत तीच होती. केंद्रातले अधिकारीसुद्धा सरकारी पत्रं खासगी मेलवरून पाठवत होते. 2012 साली के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मुद्दा असा होता की 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे सरकारी अभिलेख परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि परदेशी कंपनीच्या मेलवर पत्र टाकलं तर ते तिकडच्या संगणकावर जातं. न्यायालयाने सरकारला ई-मेलचं धोरण करण्यावरून बोल लावला. शेवटी फेब्रुवारी 2015 मध्ये ते धोरण राजपत्रात आलं. सरकारी कामाला सरकारी सेवेवरचाच मेल वापरायचा, आलेला मेल आपोआप खासगी पत्त्यावर जाईल अशी सोय करून ठेवायची नाही, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी हिलरी क्लिंटन यांच्यावरून केवढा गदारोळ झाला होता. परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी सरकारी काम खासगी मेलवरून केलं, हे मार्च 2015 मध्ये बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी त्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तरी तो विषय मिटला नाही. तेवढ्या मोठ्या बाईला जो प्रश्न विचारला गेला, तो आपल्या गावात विचारायला काय हरकत आहे?

आता राज्याचे नियम. दोन आदेश लक्षात ठेवा.

पहिला 23 जुलै 2021 चा, सामान्य प्रशासन विभागाचा. कार्यालयात मोबाइल कसा वापरायचा यावर. कामासाठी शक्यतो कार्यालयाचा दूरध्वनी वापरा, मोबाइल गरजेपुरता. बोलणं सौम्य आणि थोडक्यात. खासगी फोन आला तर जागेवरून उठून बाहेर जाऊन बोला. समाजमाध्यमं वापरताना वेळेचं आणि भाषेचं भान ठेवा. लोकप्रतिनिधींचा आणि वरिष्ठांचा फोन लगेच घ्या, असंही त्यात आहे. दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या बाईकडे लगेच बघा, असं एक वाक्य त्यात जोडलं असतं तर आम्हाला आणखी आवडलं असतं. असो.

दुसरा आदेश अलीकडचा, 28 जुलै 2025 चा. समाजमाध्यमांबद्दल. हा राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, आणि कंत्राटी तसंच बाहेरच्या संस्थेमार्फत नेमलेल्यांनाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण "मी कायम नाही, मला नियम नाही" हे उत्तर आपण ऐकलेलं आहे. या आदेशात काय आहे? स्वतःचं खातं आणि कार्यालयाचं खातं वेगळं ठेवा. सरकारने बंदी घातलेलं ॲप किंवा वेबसाइट वापरू नका. व्हॉट्सॲप, टेलिग्राम कार्यालयातल्या आपसातल्या समन्वयासाठी वापरता येईल. गोपनीय कागद, अर्धा किंवा पूर्ण, परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. कोणाची बदनामी होईल, जातीधर्मावरून तेढ होईल असं काही टाकू नका. आपलं पदनाम, सरकारी बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत हे स्वतःच्या खात्यावरच्या फोटोत किंवा रीलमध्ये वापरू नका. सरकारी गाडीच्या बोनेटला टेकून गॉगल लावलेली रील आता नियमात बसत नाही, बघा. आणि बदली झाली की कार्यालयाचं खातं रीतसर पुढच्याकडे सोपवा. आम्ही मघाशी पासवर्डच्या यादीबद्दल म्हटलं, त्याच्या जवळचं वाक्य या आदेशात सापडतं. समाजमाध्यमाच्या खात्यासाठी हे लिहिलेलं आहे. मेलचंही तसंच व्हावं म्हणून ग्रामपंचायतीत ठराव करायला कोणी अडवलेलं नाही.

याच आदेशात सरकारच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका करू नये असंही आहे. त्यावर मतं वेगळी असू शकतात. अंगणवाडीत किंवा शाळेत रोज जे दिसतं ते नोकरीतल्या माणसाने बोलायचं कुठे, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही बंदी कर्मचाऱ्यांवर आहे, गावकऱ्यांवर नाही. "ग्रुपवर पाण्याची तक्रार टाकायला सरकारची बंदी आलीय," असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर ते ऐकू नका.

आता पासवर्डकडे येऊ. इथं आपण जरा जास्त थांबणार आहोत.

2025 च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातली एक बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या छोट्या ग्रामपंचायतीच्या नावावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत, तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी झालेल्या निघाल्या. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तपासाला विशेष पथक नेमलं गेलं. कोणी काय केलं हे तपासाने ठरायचं, आपण त्यावर बोलणार नाही. पण विचार करा. कपाट फोडून 27 हजार नोंदी कोणाला लिहिता आल्या असत्या का? हात दुखले असते, शाई संपली असती. ग्रामपंचायतीच्या नावाचा प्रवेश चुकीच्या हाती गेला की किती मोठं काम किती थोड्या दिवसांत होतं, हे त्या आकड्यावरून कळतं. आणि पुढे भोगायचं कोणाला? ज्या आईच्या लेकराचा दाखला खरा आहे, तिलाही उद्या चार प्रश्न जास्त विचारले जातील.

म्हणून पासवर्ड दुसऱ्याला सांगू नये, संगणकाच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवू नये, ओटीपी फोनवर वाचून दाखवू नये, हे नियम घासून घासून सांगावे लागतात. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा गाडीचं चलन म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. ती उघडली की मोबाइलमध्ये चोर शिरतो. ज्या मोबाइलवर कार्यालयाचे ओटीपी येतात, त्याच मोबाइलवर अशी फाइल उघडली तर नुकसान एका घराचं राहत नाही.

आणि डिजिटल सही. सरपंच ताईंनो, इकडे कान द्या.

वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून द्यायचा असेल तर दोन डिजिटल सह्या लागतात. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी, 2024 मध्ये दोन्ही पदं एक करायचा निर्णय झाला) आणि दुसरी सरपंचाची. एक जण रक्कम भरतो, दुसरा तपासून मान्य करतो. दोन माणसं एवढ्यासाठीच ठेवली की एकाच्या मनाने पैसा जाऊ नये. ही सही एका छोट्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते. आपल्याकडे कोणी डोंगल म्हणतं, कोणी डीएससी. तिला एक पिन असतो. डोंगल आणि पिन एकत्र आले की सही होते. सही करणाऱ्याचं बोट कोणतं होतं, ते संगणकाला दिसत नाही.

आपल्या राज्यात 2011 पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आहेत. ताई निवडून येतात, खुर्चीवर बसतात, झेंडा फडकवतात. आणि डोंगल? कुठे ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, कुठे मालकांच्या शर्टाच्या खिशात. पिन त्याच डोंगलला गुंडाळलेल्या कागदावर. एका गावातल्या सरपंच ताईंना आम्ही विचारलं, तुमची डीएससी कशी दिसते? त्या म्हणाल्या, "ती सही करायला बोलावलं होतं, बोट दिलं, व्हिडिओ काढला, मग परत पाहिली नाही." त्यांना अक्षर येत नाही असं नाही. दहावी झालेल्या आहेत, गटाचा हिशेब तोंडपाठ आहे. पण ही वस्तू आपली आहे, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

कायदा सांगतो. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 असं आहे की, जिच्या नावाची डिजिटल सही आहे तिने ती आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सही देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. म्हणजे ताबा तिचाच. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, चौकशी लागली, तर नोटीस खिशात डोंगल ठेवणाऱ्याला येत नाही. ती सरपंच बाईला येते. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथं कोणी लिहून घेत नाही.

मग करायचं काय? भांडण नको. डोंगल मागून घ्या, घरी आपल्या ट्रंकेत, जिथं तुमचे दागिने आणि पासबुक असतं तिथं ठेवा. पिन बदलून घ्या. तो मुलालाही सांगू नका, आणि मालकांनाही नाही. घरात त्यावरून बोलणं होईल, ते आम्हाला ठाऊक आहे. "कायद्याने माझ्यावर येतं, तुमच्यावर नाही," एवढं सांगितलं की बऱ्याच घरांत वाद थांबतो. रक्कम द्यायच्या दिवशी स्वतः कार्यालयात जा, पडद्यावर रक्कम कोणाच्या नावाने आहे, किती आहे, कोणत्या कामाची आहे ते वाचायला लावा, मासिक सभेतला ठराव बघा, मग पिन टाका. आणि एका वहीत तारीख, रक्कम, नाव लिहून ठेवा. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला ही वही जड नाही.

गावातल्या इतर बायकांनाही हे बघता येतं. ई-ग्रामस्वराजवर कुठल्याही गावाचा आराखडा आणि खर्च उघडा आहे, त्यासाठी पासवर्ड लागत नाही. 'मेरी पंचायत' नावाचं ॲपही आहे. गटाच्या बैठकीत एखाद्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर उघडायला सांगा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा धुळे, तालुका शिंदखेडा, मग आपलं गाव. जळगावकडच्या ताईंनी आपला जिल्हा टाकावा. महिला सभेला जायच्या आधी एवढं बघून गेलात तर बोलताना पाय लटपटत नाहीत.

आता आपल्या कागदांबद्दल. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरले गेले, तेव्हा आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड यांचे किती फोटो किती मोबाइलमधून गेले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. घाई होती, बायकांना पैसे हवे होते, सेविका आणि केंद्रचालक रात्री जागून फॉर्म भरत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ते फोटो अजून त्या मोबाइलमध्ये असतील, आणि मोबाइल कधी लेकरांच्या हातात असतो, कधी दुरुस्तीच्या दुकानात. लाभार्थ्यांच्या नावापुढे आधार आणि खाते क्रमांक असलेली यादी गावाच्या ग्रुपवर टाकणं हे तर कुठल्याच नियमात बसत नाही. नावाची यादी सूचना फलकावर लावणं वेगळं, खाते क्रमांक गावभर करणं वेगळं. 2023 साली देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, हे त्याचं मूळ.

आपण काय करू शकतो? झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक योजनेसाठी", आणि तारीख. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार मिळतं, त्याला मास्क्ड आधार म्हणतात, ते आधारच्या वेबसाइटवरून काढता येतं. ग्रुपवर यादी आलीच तर आधी तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग टाकणाऱ्याला काढायला सांगा, मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि जितका लवकर फोन तितकी रक्कम थांबायची आशा जास्त.

आपल्या स्वतःच्या गटाकडेही जरा बघू या, कारण दुसऱ्याला प्रश्न विचारायचे तर आपलं घर झाडलेलं असावं. ग्रामसंघाचा मेल कोणाच्या मोबाइलवर आहे? अध्यक्षाच्या मुलाच्या असेल तर तो आजच ग्रामसंघाच्या मोबाइलवर आणा. पदाधिकारी बदलल्या की वही, शिक्का, पासबुक यांच्याबरोबर मेलचा पासवर्डही इतिवृत्तात नोंद करून द्यायचा. पासवर्ड इतिवृत्तात लिहायचा नाही, बरं का. "पासवर्ड बदलून नवीन सचिवांच्या ताब्यात दिला" एवढंच लिहायचं.

राहिलं ते "नेट नई शे". खरंच नसतं कधी कधी. लाइट जाते, फायबर तुटतं. छोट्या ग्रामपंचायतींना मिळून एकच केंद्रचालक असतो, तो एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी मारत असतो आणि त्याचं मानधन महिनोन् महिने येत नाही. हे त्याच्या बाजूचं खरं आहे. पण नेट नाही म्हणून अर्ज घ्यायचा नाही, असा नियम कुठेही नाही. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना 8 चा उतारा, निराधार असल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवा त्यात येतात. किती दिवसांत द्यायच्या आणि फी किती, याचा फलक कार्यालयात लावलेला असलाच पाहिजे. अर्ज कागदावर द्या आणि पोच घ्या. पोच घेतली की दिवस मोजायला सुरुवात होते, मग नेट येवो न येवो. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मेलने अर्ज पाठवत असाल तर त्याची एक प्रत पंचायत समितीलाही त्याच मेलमध्ये लावा, आणि जावक क्रमांक आपल्या वहीत टाका.

शेवटी एक अर्ज सांगतो, लिहून घ्या. माहितीच्या अधिकारात आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो. वर लिहा, "प्रति, जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत कार्यालय," आणि आपल्या गावाचं नाव. विषय, "ग्रामपंचायतीचा ई-मेल व डिजिटल सही यांचा ताबा." मग खाली, "एक, ग्रामपंचायतीचा अधिकृत ई-मेल पत्ता कोणता आहे व तो वापरण्याचा अधिकार कोणास दिला आहे, त्या आदेशाची किंवा ठरावाची प्रत. दोन, मागील बदलीच्या वेळी झालेल्या कार्यभार हस्तांतरणाच्या यादीची प्रत. तीन, सरपंच यांची डिजिटल सही कोणत्या तारखेस प्राप्त झाली व कोणाच्या स्वाधीन केली, त्याच्या पोचपावतीची प्रत." दुसऱ्या बाईचा आधार किंवा खाते क्रमांक त्यात मागू नका, तो मिळणार नाही आणि मिळूही नये. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना फी नाही, त्यांनी दाखल्याची झेरॉक्स जोडायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं, त्याचा नमुना हवा असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीला येताना अर्जाची पोच बरोबर आणा.